बरोबरीत सुटलेली कुस्ती : खान्देशच्या आखाड्याकाठी समजलेले धैर्य (धागा)

१/
साल १९७७. स्थळ चाळीसगाव. मुंबई–भुसावळ लोहमार्गावरील या गावी त्या वर्षीची महाराष्ट्र केसरी स्पर्धा भरली. कुस्त्या झाल्या, हलग्या वाजल्या, माणसे आली आणि गेली. किताब मात्र कुणाच्याही नावावर लागला नाही. विजेत्यांच्या यादीत त्या वर्षासमोर आजही एकच शब्द आहे : अनिर्णित. पुढे ३७ वर्षांनी, २०१४ साली, याच चाळीसगाव तालुक्यातील सायगावच्या विजय चौधरी यांनी महाराष्ट्र केसरीची गदा खांद्यावर घेतली आणि सलग तीन वर्षे ती सोडली नाही. या दोन प्रसंगांच्या मधल्या काळात खान्देशच्या प्रेक्षकाने धैर्याबद्दल जे पाहिले, त्याचा हा धागा.

२/
इतिहासाच्या पुस्तकात धैर्याची उदाहरणे बहुधा रणांगणावरून येतात. सामान्य माणसाच्या वाट्याला रणांगण क्वचितच येते. त्याने धैर्य पाहिले ते यात्रेच्या फडात, माणसांच्या रिंगणात, चार हातांवरून. धुळ्यात पांझरेकाठी चैत्रात एकवीरा देवीची यात्रा भरते. अमळनेरला वैशाखात बोरी नदीच्या पात्रात संत सखाराम महाराजांचा उत्सव होतो. तापीकाठच्या सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या सुमारास घोड्यांचा बाजार भरतो. खान्देशात यात्रा म्हटली की पाळणे, तमाशा, गुळाची जिलेबी आणि या सर्वांबरोबर कुस्त्यांची दंगल, असे चित्र पिढ्यान्‌पिढ्या लोकांच्या डोळ्यांसमोर उभे राहते.

३/
दंगलीची रचनाच पाहण्यासारखी असते. सुरुवात होते लहान पोरांच्या कुस्त्यांनी. इनाम असते रेवड्यांचे किंवा नारळाचे. मग जोडी वाढत जाते, रक्कम वाढत जाते आणि शेवटी मोठ्या इनामाची कुस्ती लागते. आठ-दहा वर्षांचे पोर लंगोट लावून हजारो माणसांसमोर उभे राहते. त्याला डाव धड येत नसतो. समोरचा पोरगा कोण, कुठल्या गावचा, हेही ठाऊक नसते. तरीही ते माती कपाळाला लावते आणि हात पुढे करते. धैर्याचा पहिला पाठ येथेच मिळतो : सर्वांसमोर पडण्याची तयारी ठेवून पुढे टाकलेले पाऊल.

४/
जुन्या फडात आणखी एक पद्धत होती. एखादा मल्ल आखाड्यात येऊन शड्डू ठोकी, फेरी मारी आणि जोड मागे. गर्दीतून कुणीही उठून त्याचा हात धरू शके. पंच वजन, वय, तयारी पाहून जोड लावत. या क्षणी प्रेक्षक आणि खेळाडू यांच्यातील रेषा पुसट होई. आतापर्यंत कडेला बसून डावांवर मत देणारा माणूस स्वतःलाच विचारी : उठायचे की बसून राहायचे? बहुतेक बसूनच राहत आणि त्यात लाज वाटण्याजोगे काही नव्हते. पण उठणाऱ्याची किंमत त्यांना त्या क्षणापासून वेगळ्या रीतीने कळे.

५/
खान्देशला धैर्याच्या खेळाची आणखी एक, काहीशी कडवट, आठवण आहे. १८२५ साली जेम्स आउट्रमने धरणगाव येथे भिल्ल पलटणीची उभारणी सुरू केली. भिल्लांचा विश्वास मिळवण्यासाठी त्याने त्यांच्यासोबत वाघांच्या शिकारी केल्या. इंग्रजी चरित्रांनी त्या शिकारींतून आउट्रमच्या निर्भयतेची कीर्ती गायली. वाघाचा माग काढणारे, झुडपांतून त्याला हाकारून बाहेर आणणारे आणि पायी चालणारे भिल्ल मात्र त्या वर्णनांत बहुधा बिननावाचे राहिले. धैर्य कोणाचे मोजले जाते, हे पाहणारा कोण आणि लिहिणारा कोण यावर ठरते. प्रेक्षकाची जबाबदारी येथून सुरू होते.

६/
कुस्तीच्या फडाला या बाबतीत एक मोठे वरदान आहे. तेथे जे घडते ते सर्वांच्या डोळ्यांदेखत घडते. १९१२ साली कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी खासबाग मैदान उभारले, त्यामागेही हाच विचार दिसतो. आखाडा मध्यभागी आणि चहूबाजूंनी चढत जाणारी बैठक, त्यामुळे शेवटच्या रांगेतल्या माणसालाही खांदा मातीला लागला की नाही हे दिसावे. युरोपच्या प्रवासात पाहिलेल्या रोमच्या भव्य रंगमंडलाची प्रेरणा त्यामागे होती. खान्देशातील फडांना असे दगडी मैदान लाभले नाही. तेथे नदीचा उतार, शेताचा बांध, बैलगाडीचे जू आणि झाडाची फांदी हीच बैठक.

७/
१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. पूर्व खान्देश आणि पश्चिम खान्देश ही जुनी जिल्ह्यांची नावे मागे पडून जळगाव आणि धुळे ही नावे रूढ झाली. महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद मामासाहेब मोहोळ यांच्या पुढाकाराने १९५३ सालीच स्थापन झाली होती. १९६१ साली औरंगाबादला महाराष्ट्र केसरी हा किताब सुरू झाला आणि दिनकर दह्यारी पहिले मानकरी ठरले. या किताबाचा एक चांगला नियम असा की त्याला कायमचे गाव नव्हते. दरवर्षी नवे ठिकाण, नवा फड, नवा प्रेक्षक.

८/
दुसऱ्याच वर्षी, १९६२ साली, स्पर्धा धुळ्याला आली. भगवान मोरे विजेते झाले. १९६६ साली ती जळगावला आली आणि १९७७ साली चाळीसगावला. म्हणजे पहिल्या सतरा वर्षांत तीनदा खान्देशने हा फड भरवला. कुस्तीची राजधानी म्हणून मान कोल्हापूरचा, आणि सांगली-साताऱ्याकडचे मल्ल त्या मानाचे वाटेकरी. केळी, कापूस आणि भरिताच्या वांग्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या या मुलखाला यजमान होण्याचा आणि म्हणून पाहण्याचा मान मिळाला. पाहणे हाही एक वारसा असतो, हे पुढील अर्धशतकाने दाखवून दिले.

९/
१९६६ च्या जळगावच्या फडातले विजेते होते दीनानाथ सिंह. मूळ उत्तर प्रदेशातले, घडले ते कोल्हापूरच्या मातीत. पुढे १९७१ साली ते हिंदकेसरीही झाले. नाव हिंदी, तालीम मराठी आणि किताब महाराष्ट्राचा. भाषिक राज्य होऊन जेमतेम सहा वर्षे झाली होती, संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनाच्या आठवणी ताज्या होत्या. अशा काळात हा किताब एका उत्तर भारतीय घराण्यातल्या मल्लाला मिळाला आणि तो त्याच्या नावावर लागला. माती घामाची जात विचारत नाही, असे आखाड्यात म्हणतात. निदान त्या वर्षी यादीने ते वचन पाळले.

१०/
आता पुन्हा १९७७ कडे. तो ‘अनिर्णित’ शब्द समजून घ्यायचा तर जुन्या मातीवरच्या कुस्तीचे गणित माहीत हवे. त्या कुस्तीत गुणांची पाटी नसे. निकाल एकच : चितपट. दोन्ही खांदे मातीला टेकले की कुस्ती संपली. न टेकले तर खडाखडी सुरूच. अर्धा तास, तास, कधी त्याहूनही अधिक. अखेर अंधार पडू लागला किंवा दोघेही दमले की पंच कुस्ती बरोबरीत सोडवत. अशी कुस्ती पाहून परतणाऱ्या माणसाच्या मनात एक विचित्र रितेपणा असे. हरलेला कुणी नाही, पण जिंकलेलाही कुणी नाही.

११/
बरोबरी म्हणजे भित्रेपणा, असा सोपा अर्थ लावणे अन्यायाचे होईल. तुल्यबळ मल्लांची कुस्ती खरोखरच सुटत नाही. १९६३ साली साताऱ्यालाही किताब असाच अनिर्णित राहिला होता. तरीही जाणता प्रेक्षक दोन प्रकारच्या बरोबरीत फरक करतो. एका बरोबरीत दोघेही पट काढतात, ढाक लावू पाहतात, निसटतात, पुन्हा भिडतात. दुसरीत दोघेही हात अडकवून उभे राहतात आणि समोरच्याच्या चुकीची वाट पाहतात. पहिली पाहून लोक फेटे उडवतात. दुसरी पाहून ‘डाव टाक’ असा एकच गलका होतो.

१२/
जगाच्या कुस्तीतील या दुसऱ्या प्रकाराचे सर्वांत गाजलेले उदाहरण लंडनचे आहे. १० सप्टेंबर १९१०. एका बाजूला गामा पैलवान, दुसऱ्या बाजूला पोलंडचा स्टॅनिस्लॉस झिबिस्को. गामाने सुरुवातीलाच त्याला खाली घेतले. त्यानंतर झिबिस्को जो गादीला चिकटून बसला तो जवळजवळ उठलाच नाही. सुमारे अडीच तास ही कुस्ती चालली आणि बरोबरीत सुटली. आठवड्याने पुन्हा कुस्ती ठरली होती, पण झिबिस्को आलाच नाही. पट्टा गामाला मिळाला.

१३/
गोष्ट येथे संपली असती तर झिबिस्को हे केवळ भित्रेपणाचे नाव ठरले असते. पण अठरा वर्षांनी, जानेवारी १९२८ मध्ये, तो पतियाळाला आला. वय ४८. गामाही तरुण राहिला नव्हता. अफाट जनसमुदायासमोर कुस्ती लागली आणि एक मिनिटही पुरे होण्याआधी झिबिस्को चितपट झाला. आता प्रश्न प्रेक्षकाला आहे. लंडनला अडीच तास न हरलेला झिबिस्को अधिक धीराचा, की सातासमुद्रापलीकडून येऊन एका मिनिटात हरलेला? यादी पहिल्याला बरोबरीत दाखवते आणि दुसऱ्याला पराभूत. आखाड्याकाठचा म्हातारा मात्र दुसऱ्याच्या पाठीवरची माती झटकायला उठेल.

१४/
यातून धैर्याचा दुसरा पाठ निघतो. न हरणे आणि धीट असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. डाव टाकणारा मल्ल स्वतःचा तोल क्षणभर सोडतो. धोबीपछाड मारायला पाठ द्यावी लागते. पट काढायला वाकावे लागते. कलाजंग घालताना समोरच्याचे सारे वजन अंगावर घ्यावे लागते. प्रत्येक डावात हरण्याची एक फट असतेच. ती फट दिसत असूनही जो पुढे सरकतो, त्याच्यासाठी हलगीची लय वाढते.

१५/
नवलाची गोष्ट अशी की पुढे हा पाठ नियमांतच लिहिला गेला. माती मागे सरून गादी आली. तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, मध्ये अर्ध्या मिनिटाची विश्रांती, प्रत्येक पकडीला गुण. त्याबरोबर आला निष्क्रियतेचा नियम. जो मल्ल डावच टाकत नाही त्याला पंच आधी ताकीद देतात, मग तीस सेकंदांची मुदत देतात. त्या मुदतीत कुणीच गुण मिळवला नाही तर प्रतिस्पर्ध्याला एक गुण मिळतो. म्हणजे केवळ वाट पाहणे हीच चूक ठरली. काठावरचा तो गलका आता नियमपुस्तिकेत जाऊन बसला आहे.

१६/
महाराष्ट्र केसरीने मात्र मातीशी नाते तोडले नाही. आज स्पर्धेत माती विभाग आणि गादी विभाग असे दोन गट असतात. दोन्हींचे विजेते किताबासाठी भिडतात. जुन्या पिढीला यात तडजोड दिसते. तसे पाहिले तर यात दोन प्रकारच्या धीराची परीक्षा आहे. मातीला दम आणि सोशिकपणा लागतो, गादीला घड्याळाशी झुंजत क्षणात निर्णय घेण्याची हिंमत लागते. एकाच मल्लाला दोन्ही साधावे लागते.

१७/
आणि मग सायगाव. गिरणेच्या खोऱ्यातील एका शेतकरी गावचा तरुण पुण्याला जातो, अमोल बुचडे यांच्या तालमीत घडतो आणि २०१४ साली अहमदनगरला अंतिम कुस्तीत सचिन येलभर यांना हरवून महाराष्ट्र केसरी होतो. पुढच्या वर्षी नागपूरला विक्रांत जाधव. त्याच्या पुढच्या वर्षी पुण्यात वारजे येथे अभिजित कटके. सलग तीन वर्षे तोच विजेता. याआधी असा पराक्रम नरसिंग यादव यांनी २०११ ते २०१३ या काळात केला होता. १९७७ साली ज्या तालुक्याने रिकामा किताब पाहिला होता, त्याच तालुक्याच्या मल्लाने तो तीनदा भरून आणला.

१८/
तीन वेळा जिंकण्यात नेमके काय अवघड असते? पहिल्यांदा जिंकणाऱ्याकडे गमावण्यासारखे फारसे नसते. दुसऱ्यांदा उतरणाऱ्याकडे किताब असतो, नाव असते, आणि राज्यातील प्रत्येक तालमीने त्याच्या डावांचा केलेला अभ्यास असतो. चंद्रहार पाटील यांनी २००७ आणि २००८ अशी दोन वर्षे किताब जिंकला. तिसऱ्या वर्षी अंतिम कुस्तीत विकी बनकर यांनी त्यांना रोखले. किताब घरात असताना पुन्हा लंगोट लावणे म्हणजे तो सर्वांसमोर गमावण्याचा धोका पत्करणे. शिखरावर पोहोचल्यावर पुन्हा पायथ्याशी रांगेत उभे राहण्याचे हे धैर्य निराळे आहे.

१९/
पण या कहाणीतील सर्वांत शिकण्याजोगे नाव कदाचित विजेत्याचे नसेल. २०१६ साली वारज्याला हरलेले अभिजित कटके पुढच्याच वर्षी भूगावला उतरले आणि महाराष्ट्र केसरी झाले. २०१८ साली जालन्याला पुन्हा अंतिम फेरीत पोहोचले आणि बाला रफिक शेख यांच्याकडून हरले. त्यानंतर जानेवारी २०२३ मध्ये हैदराबादला हिंदकेसरी झाले. पराभव, विजय, पराभव, विजय. यादी केवळ विजयाची वर्षे नोंदवते. मधल्या वर्षांत पहाटे चारला उठून मारलेले जोर आणि बैठका कोणत्याच यादीत नाहीत. तिसरा पाठ हाच : हरल्यानंतरची पहिली पहाट कुणी पाहत नाही, आणि पुढचे सारे तिच्यावर अवलंबून असते.

२०/
येथवरची कथा प्रेक्षकाला सुखावणारी आहे. इतिहासाला मात्र प्रेक्षकाचीही झडती घ्यावी लागते. १९५४ साली हमीदा बानू या महिला मल्लाने पुरुष मल्लांना आव्हान दिले आणि मे महिन्यात बडोद्यात बाबा पैलवानाला दीड मिनिटाच्या आसपास चितपट केले. याच काळात कोल्हापुरात एका पुरुष मल्लाशी झालेल्या तिच्या कुस्तीनंतर प्रेक्षकांनी हुर्यो केली आणि दगडफेक केली. पुण्यात रामचंद्र साळुंके यांच्याशी ठरलेली तिची कुस्ती संघटनेच्या विरोधामुळे रद्द झाली. कुस्तीचे सर्वांत जाणते प्रेक्षक म्हणून ज्यांचा लौकिक, त्यांच्याच पंचक्रोशीत हे घडले.

२१/
आखाड्यात त्या दिवशी धैर्य एका बाईकडे होते. काठावर मात्र त्याचा अभाव होता. आपल्या समजुतीविरुद्ध घडलेली गोष्ट डोळ्यांनी पाहून ती मान्य करणे, यालाही हिंमत लागते. गर्दीत ती सहज हरवते, कारण गर्दीत दगड कुणी मारला हे विचारले जात नाही. महिला महाराष्ट्र केसरी हा किताब सुरू व्हायला २०२३ साल उजाडावे लागले. सांगलीच्या प्रतीक्षा बागडी पहिल्या मानकरी ठरल्या. हमीदा बानूच्या शड्डूपासून या गदेपर्यंत जवळजवळ सत्तर वर्षे लागली. हा उशीर आखाड्याने केला नाही, तो काठावर बसलेल्यांनी केला.

२२/
अलीकडचे उदाहरणही विसरता येत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीची स्पर्धा झाली. २०१४ साली चाळीसगावच्या मल्लाने पहिली गदा जिंकली तेच हे शहर. पंचांच्या निर्णयावरून वाद झाला, पंचावर पाय उगारला गेला, अंतिम कुस्तीतही गोंधळ झाला आणि दोन नामवंत मल्लांवर तीन वर्षांची बंदी आली. निर्णय बरोबर होता की चूक, यावर मतभेद आहेत. अन्याय झाला असे वाटल्यावर दाद मागणे हा मल्लाचा हक्क आहे. तो हक्क पायाने बजावला की प्रश्न निर्णयाचा राहत नाही, मल्लाचा होऊन बसतो. संतापाला धैर्य समजण्याची चूक तरुण वयात फार सोपी असते. ती चूक मोठ्या पडद्यावर दिसली, हाही एक पाठच.

२३/
आता शेवटचा प्रश्न, आणि तो सर्वांत अवघड. प्रेक्षकांसमोरचे धैर्य आणि प्रेक्षकांविना धैर्य यांत मोठे कोणते? उत्तरासाठी पुन्हा खान्देशातच यावे लागते. १४ एप्रिल १९४४. धुळे जिल्ह्यातील शिंदखेडा तालुक्यातील चिमठाणे गावाजवळ सरकारी खजिना घेऊन जाणारी गाडी क्रांतिकारकांनी अडवली. साडेपाच लाखांच्या आसपास रक्कम त्यांच्या हाती आली आणि ती स्वातंत्र्यलढ्यासाठी गेली. साताऱ्याच्या प्रतिसरकारचे जी. डी. बापू लाड, नागनाथ नायकवडी आणि खान्देशचे डॉ. उत्तमराव पाटील यांची नावे या घटनेशी जोडलेली आहेत.

२४/
त्या रस्त्यावर हलगी वाजत नव्हती. फेटे उडवायला कुणी नव्हते. चूक झाली तर बरोबरीत सोडवणारा पंच नव्हता, आणि पराभवाची किंमत इनामाच्या रकमेत मोजली जाणार नव्हती. तरीही त्या क्षणाची मूळ मागणी आखाड्यासारखीच होती : हरण्याची फट दिसत असताना पुढे सरकणे. फडात हजारो डोळे माणसाला धरून ठेवतात. चिमठाण्याच्या रस्त्यावर प्रत्येकाला स्वतःला धरून ठेवावे लागले.

२५/
म्हणूनच आखाड्याकाठी शिकलेले धैर्य आखाड्यातच सोडून येण्यात अर्थ नाही. विजय चौधरी २०१७ साली महाराष्ट्र पोलीस दलात उपअधीक्षक झाले. २०२३ साली कॅनडातील विनिपेग येथे जागतिक पोलीस आणि अग्निशमन क्रीडा स्पर्धेत १२५ किलो गटात त्यांनी सुवर्णपदक मिळवले. किताबानंतर नऊ वर्षांनी, परक्या देशात, चाळीसगावची हलगी ऐकू येणार नाही अशा अंतरावर. कुस्ती पाहणाऱ्याने या पदकाकडे पाहताना वर्षांची मोजणी करावी. टिकून राहणे हाही डाव आहे, आणि तो सर्वांत उशिरा दिसतो.

२६/
थोडक्यात, खान्देशच्या फडांनी प्रेक्षकाला दिलेले धडे असे. सर्वांसमोर पडण्याची तयारी असेल तरच उभे राहता येते. न हरण्याची काळजी जास्त झाली की कुस्ती सुटतच नाही. पराभवानंतरची पहाट विजयाच्या रात्रीपेक्षा मोलाची असते. जिंकलेले पुन्हा पणाला लावणे हे पहिल्यांदा जिंकण्याहून कठीण. संताप म्हणजे हिंमत नव्हे. आणि काठावर बसलेल्याचीही एक परीक्षा चालू असते, जिचा निकाल पंच देत नाहीत.

२७/
१९६२ चे धुळे, १९६६ चे जळगाव, १९७७ चे चाळीसगाव. यांपैकी दोन फडांनी विजेता दिला, तिसऱ्याने ‘अनिर्णित’ हा शब्द दिला. इतिहासाच्या विद्यार्थ्याने तो शब्द खोडू नये. त्या रिकाम्या जागेमुळेच यादीतल्या इतर नावांना वजन आहे. किताब दरवर्षी कुणाला तरी द्यायचाच असता तर तो केवळ बक्षीस राहिला असता. तो न देण्याची तयारी होती, म्हणून त्याला मान राहिला. यंदाच्या चैत्रात पांझरेकाठी किंवा वैशाखात बोरीच्या पात्रात हलगी वाजेल, तेव्हा मोठ्या इनामाच्या कुस्तीची वाट पाहणाऱ्यांनी थोडे आधी जावे. नारळाची पहिली कुस्ती चुकवू नये. सगळे धैर्य तेथूनच सुरू होते.

(धागा समाप्त)